जुना ओढा

ओरलीनच्या गोठ्यापाशी गोळी लागून एक माणूस मेला, त्याला महिना झाला होता. तिचा नातू वेंडेल तेव्हापासून तुरुंगात होता. आर्कान्सातल्या त्या लहानशा गावात लोक तिचं दार टाळू लागले होते. त्यामुळे जमीन मोजणीची दोन माणसं आली तेव्हा तिला बरंच वाटलं.

“आजी, पुराने ओढ्याचं पात्र बदललं, त्याआधी तो कुठून वाहायचा, आठवतं का? नाहीतर राहू द्या, साठ वर्षं झाली.”

“न आठवायला काय झालं? त्या पेकानच्या झाडाखाली आई कपडे धुवायची. मी पोहायला तिथेच शिकले.”

ती काठी टेकत पुढे चालली आणि एकेक वळण दाखवत गेली. त्यांनी गोठ्याच्या पश्चिमेला लाल झेंड्या रोवल्या. तिने दोघांना गार गोड चहा पाजला आणि त्यांच्या कागदावर सही केली.

दुसऱ्या दिवशी वेंडेलचा वकील आला, तो झेंड्या पाहून अंगणातच थांबला.

“मावशी, पूर्व आणि पश्चिम न्यायजिल्ह्यांची हद्द जुन्या ओढ्यावरून जाते. या झेंड्यांनी गोठा पूर्वेत टाकला, म्हणजे खटलाही तिथेच चालणार. पश्चिमेच्या ज्यूरीने आजवर कुणाला मृत्युदंड दिलेला नाही, आणि पूर्वेच्या ज्यूरीने अशा खटल्यात एकाचाही जीव वाचवलेला नाही. ओढा आठवणारं कुणी उरलं नाही, या भरवशावर मी होतो. मोजणीवाल्यांना दाखवला कुणी?”



ओरलीनच्या एप्रनच्या खिशात त्या कागदाची प्रत होती. तिच्या सहीच्या वर लिहिलं होतं, ‘साक्षीदाराची स्मरणशक्ती उत्तम.’