शकूबाईंची जट

"श्रद्धा म्हणजे बुद्धीला दिलेली सुट्टी!" अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे भास्करराव शकूबाईंच्या ओट्यावर गरजले. तेवढ्यानंच त्यांना दम लागला, म्हणून शकूबाईंनी पाट सरकवला.

सहा वर्षं ते शकूबाईंच्या जटेची टिंगल करत होते. "देवीची म्हणे! देवीच्या घरी कंगवा नाही?" लोक हसायचे, शकूबाई डोक्यावर पदर ओढून घ्यायच्या.

आज समितीतली नवी रजनी नुसती शेजारी टेकली. "मावशी, मान भरून येत असेल हो."

शकूबाईंचे डोळे भरले. "काप बाई. देवी कोपली तर येशील ना?"

"मुक्कामाला येईन."

कात्री चालली. भास्कररावांना आनंद व्हायला हवा होता, पण झाला जळफळाट. सहा वर्षं भाषणं यांची, आणि जट मिळाली त्या पोरीला! श्रेयावर हक्क सांगायला त्यांनी घसा खाकरला.

"भाऊ," हलकी मान वळवत शकूबाई म्हणाल्या, "भाषण राहू द्या. जरा आरसा धरता?"