अर्धा विणलेला पट्टा

शेवटच्या टाक्यात अडकवलेली सेफ्टी पिन सिंधूने काढली आणि धागा ओढला. टाके एकामागून एक सुटत गेले. क्रोशाच्या विणकामाचं असंच असतं. एक टोक मोकळं मिळालं की सगळंच निघून येतं. अर्धा विणलेला मरून पट्टा तिच्या मांडीवर आखूड होत गेला आणि शेजारी धाग्याचा ढीग वाढत गेला.

निमित्त तयार होतं. लातुरात क्लाससाठी आलेली आणि त्यांच्या माडीवर भाड्याने राहणारी अक्षरा ड्रेसवर बांधायला साधा पट्टा विणून मागत होती. घरात मरून धागा दुसरा नव्हता. नवऱ्याने, शिवप्पाने विचारलं तर हेच सांगायचं. गंजगोलाईच्या बाजारात हवा तेवढा धागा मिळतो, हे त्यालाही ठाऊक होतं आणि तिलाही.

शिवप्पाच्या शर्टांखाली, रुमालात गुंडाळून हा पट्टा ठेवलेला असे. तो गंगम्माचा, यात सिंधूला कधी शंका आली नव्हती. गंगम्मा म्हणजे त्याची पहिली बायको, भूकंपात भिंतीखाली गेलेली. लग्न झालं त्या वर्षी सिंधूने पट्ट्याबद्दल विचारलं, तर "राहू दे ते," एवढंच तो म्हणाला होता. कधीकधी घरात कुणी नाही असं समजून तो पट्टा मांडीवर पसरायचा आणि एकेका टाक्यावरून बोट फिरवायचा. सिंधूच्या पाठीवरून त्याचा हात इतका सावकाश कधी फिरला नव्हता.

नणंद गुरम्मा निलंग्याहून आली की हमखास म्हणायची, गंगम्माच्या हाताला लई सफाई होती. सिंधू ऐकून घ्यायची. आज मात्र सोडण्याआधी तिने पट्टा दारातल्या उजेडात धरून नीट पाहिला. सुरुवातीचे टाके ढिले, एकाला एक न जुळणारे. दर ओळीत कडेचा टाका गळालेला, त्यामुळे सगळा पट्टा एका अंगाला ओढलेला. ही सफाई? शेवटाकडे हात जरा बसायला लागला होता आणि तिथंच काम थांबलं होतं. शिकता शिकताच गेली बिचारी, असं तिच्या मनात आलं. बिचारी म्हणताना तिला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून स्वतःचाच राग आला. तेव्हाच तिने पिन काढली होती.

आता धाग्याला जुन्या टाक्यांचे वळसे तसेच होते. तो ताणून धरत तिने नवी साखळी घातली.

दुपारी शिवप्पा झेरॉक्सचं दुकान बंद करून जेवायला आला, तोवर नवा पट्टा वीतभर झाला होता. तिने तो लपवला नाही. मोकळा रुमालही समोरच ठेवला. तो ओरडला, तर या घरात आपण कायम दुसऱ्याच राहणार, हे पक्कं होतं; मग माहेरी रेणापूरला निघून जायचं, असं तिने ठरवून टाकलं होतं.

शिवप्पाने रुमाल पाहिला. खाली बसला. पट्टा उजव्या हातात घेऊन उलटसुलट केला. भूकंपात त्या हाताची बोटं चिरडली होती. त्यातली दोन अजूनही पुरती मिटत नव्हती.

"लई सरळ आलाय," तो म्हणाला.

"तिचाच धागा हाय. सोडला मी. सगळा."

"कुणाचा?"

"गंगम्माचा."

त्याने पट्टा तिला परत दिला आणि तिने सुई पुन्हा टाक्यात घातली.

"गंगम्मानं जन्मात क्रोशाची सुई धरली न्हाई, सिंधू. ते मी विणलं होतं. सोलापूरच्या दवाखान्यात एक बाई बोटांचा व्यायाम घ्यायच्या. म्हनल्या, रोज थोडं विणा, हात परत येईल."

सिंधूच्या हातातली सुई थांबली. शेजारचा ढीग कुठे संपतो आणि नवा पट्टा कुठे सुरू होतो, हे आता तिलाही सांगता आलं नसतं. मग अर्धंच का सोडलंत, असं तिने विचारलं.

"लुळा हात घेऊन कुणाच्या दारात जायची लाज वाटायची," शिवप्पा म्हणाला. "बोटं मिटायला लागली, तसा पट्टा तिथंच सोडला आन् रेणापूरला तुला बघायला आलो."