कोंबड्याचं माप

शिंप्याने गळ्यातली टेप कोंबड्याच्या छातीभोवती गुंडाळली, तसा तो गिऱ्हाइकासारखा निमूट उभा राहिला. तो आरवायला लागल्यापासून शेजाऱ्यांनी डोकं उठवलं होतं. आज त्याला कापायचं होतं. परसातल्या खांबाला खिळा ठोकून झाला होता, खाली बादली, चुलीवर पाणी. राहिलं होतं फक्त रेग्झिनचं नरसाळं: त्यात कोंबडा उलटा घालायचा, मान खालून बाहेर, पंख आत घट्ट, म्हणजे तडफड नाही. तेही मशीनवर शिवून झालं. बायकोने कोंबडा आत घातला. पठ्ठ्याने पंख सोडवून घेतले. "अहो, बोटभर सैल झालंय! माप चुकलं का?" "माझं माप चुकतंय होय? वाढतं अंग आहे त्याचं, म्हणून जरा..." त्याने नरसाळं उतरवून परत मशीनवर नेलं. चाळीस वर्षं शाळेचे गणवेश शिवले, एकही अंगाबरोबर शिवला नव्हता. खडूची रेघ त्याने बोटभर आत घेतली, अगदी अंगाबरोबर.