टिकलीखालचा दिवा

मिस्त्रीने स्टिअरिंगमागच्या मीटरच्या काचेवरची टिकली नखाने काढून विद्याधरपंतांच्या हातावर ठेवली. खाली इंजिनच्या बिघाडाचा पिवळा दिवा मजेत जळत होता.

"काका, हा कधीपासून?"

"आत्ताच लागला असेल," विद्याधरपंत म्हणाले.

महिन्यापूर्वी डोळ्यांत खुपतो म्हणून त्यांनीच तो बायकोच्या टिकलीने झाकला होता. पुढच्याच आठवड्यात तिच्या हातात गाडी चौकात बंद पडली. "क्लच सोडता येत नाही तुला," पंतांनी निकाल दिला. साठीत हौसेने गाडी शिकलेली ती तेव्हापासून रिक्षाने जाऊ लागली. आज ती मागे बसलेली असताना पंतांच्या हातातही तेच झालं.

"सेन्सर गेला होता. कुणाच्याही हातात बंद पडली असती," नवा बसवून मिस्त्री म्हणाला.

पंतांना मागे बघवेना. मागच्या सीटवरून हात पुढे आला. त्यांनी त्यावर टिकली ठेवली.

"ती राहू दे तुम्हाला," बायको म्हणाली. "किल्ली द्या."