पेटीच्या तळाची पक्कड

"पेटी उघडा," तपासनीस म्हणाले.

पाण्याचे पंप दुरुस्त करणाऱ्या पाहुण्याने, पंपवाल्याने, चहाचा कप खाली ठेवला आणि पेटीची कडी काढली. मुलगी मागायला आलेल्या माणसाला कोणी पगार विचारतं, कोणी घर कितव्या मजल्यावर ते विचारतं. तपासनिसांनी लेकीकडे एवढाच निरोप दिला होता, की त्याला येताना हत्यारांची पेटी आणायला सांग. हत्यारांच्या कारखान्यात शेवटच्या टेबलावर बसून माल पास नाहीतर रिजेक्ट करण्यात त्यांची हयात गेली होती. नोकरी संपली, सवय संपली नाही. घरातला चहा, पडदे आणि पाहुणे, सगळं त्यांच्या नजरेखालून जात असे. लेकीची दोन स्थळं त्यांनी आधीच परत पाठवली होती. एकाच्या गाडीत साधा पाना नव्हता. दुसऱ्याने त्यांच्यादेखत डब्याचं झाकण स्क्रूड्रायव्हरने उचकटलं होतं. त्यांचा नकार म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, हे लेकीने पंपवाल्याला बजावूनच आणलं होतं.

टेबलावर वर्तमानपत्र पसरलं होतं. त्यावर एकेक वस्तू येऊ लागली. तपासनिसांनी प्रत्येक पाना नटावर बसवून हलवून पाहिला. हातोडीच्या दांड्याच्या रेषा सरळ खाली उतरतात का, ते चष्मा कपाळावर चढवून पाहिलं. छिन्नीच्या डोक्यावरून अंगठा फिरवला. ठोकून ठोकून पसरलेली कड पंपवाल्याने वेळच्या वेळी घासून काढली होती.

"पास," ते म्हणाले. "हेही पास. हे कुठून घेतलंत? पास."

स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या लेकीचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात पेटीच्या तळाशी तपासनिसांच्या हाताला एक पक्कड लागली. गंजाने ती इतकी धरली होती, की उघडायचं नाव घेईना.

"हे काय?"

"बाबांची आहे, काका. ते गेल्यापासून वापरली नाही. पण टाकवत नाही."

तपासनिसांनी रिव्हेटवर रॉकेलचे चार थेंब सोडले, दोन्ही दांडे धरून जरा जरा मागेपुढे केले आणि पक्कड कुरकुरत उघडली. मग ती मिटून खिडकीसमोर धरली. जबड्यांच्या मधून उजेड दिसत होता. रिव्हेट ढिला होता. कानस लावली तर ती घसरायच्या ऐवजी चावली, म्हणजे पोलाद कडक करायला त्याला पाणीसुद्धा नीट दिलेलं नव्हतं. निवृत्त झाल्यापासून तपासनिसांना इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

"निसटते ती, माहीत आहे मला," पंपवाला म्हणाला. "बाबा म्हणायचे, हिच्यावर शिकलास तर कुठल्याही हत्यारावर काम करशील."

"तुमचे बाबा सज्जन होते, त्याबद्दल वाद नाही. पण खोट दिसत असून जो माणूस हत्यार जवळ बाळगतो, तो उद्या घरातही असाच कारभार करणार. रिजेक्ट."

लेक आत वळली. पंपवाल्याने पाने गोळा करायला घेतले. तपासनिसांनी मात्र पक्कड सोडली नाही. "हे पास करणारा गाढव कोण होता, तेवढं बघून घेतो," असं म्हणत त्यांनी तारेचा ब्रश उचलला. आपल्या कारखान्यातून असला माल दाराबाहेर पडलाच नसता, याविषयी त्यांची खात्री होती. तांबडी भुकटी वर्तमानपत्रावर पडू लागली. बायको चहाचे कप उचलायला आली होती, ती तिथेच थांबली.

आधी कारखान्याचा छाप वर आला. तो त्यांच्याच कारखान्याचा होता.

"आमच्याकडेही एकदोन गाढवं होती म्हणा," तपासनीस म्हणाले. ब्रश जरा हळू झाला.

मग रिव्हेटशेजारी एक गोल दिसू लागला. कारखान्यात प्रत्येक तपासनिसाला आपला आकडा असे, आणि पास केलेल्या मालावर त्याने स्वतःच्या हाताने तो उमटवायचा असे. गोलात एकेचाळीस होता. एकेचाळीस आकडा एकतीस वर्षं एकाच माणसाकडे होता, आणि त्याच्या हातातला ब्रश आता थांबला होता. निरोपाच्या समारंभात तो शिक्का लाकडावर बसवून त्यांना भेट दिला होता. तो समोरच्या कपाटावरच होता. पंपवाल्याने एकदा कपाटाकडे पाहिलं, एकदा पकडीकडे, आणि भला माणूस म्हणून खाली मान घातली.

तपासनिसांनी गोलावर अंगठा ठेवला. कान तापल्याचं त्यांचं त्यांनाच जाणवत होतं. "अजून पुष्कळ गंज आहे," ते म्हणाले. "नीट काही वाचता येत नाही."

"मला येतं," बायको म्हणाली. तिने त्यांचा अंगठा बाजूला केला, पक्कड हातात घेतली आणि आकड्याखालचा महिना आणि साल वाचलं. मग पुन्हा एकदा वाचलं, आणि पदराने पुसून पक्कड पंपवाल्याच्या पेटीत ठेवली.

"त्या महिन्यात कामाची फार घाई होती," तपासनीस पुटपुटले.

"असणारच. त्याच महिन्यात तुम्ही मला बघायला आला होतात, आणि मी हो म्हटलं होतं." मग ती पंपवाल्याकडे वळली. "लग्नाची तारीख ठरवायला घरच्यांना घेऊन या. एकाच महिन्यातला माल आहे हा. ही तुमच्या बाबांनी चालवून घेतली, आणि हे मी."