दोन वेण्या

"राग मानू नका," बाई म्हणाल्या, "पण सकाळी हिची वेणी घालायला घरात कुणीच नसतं का?"

आई बसली होती ती खुर्ची दुसरीतल्या मुलांची. गुडघे पार हनुवटीशी आले होते. गोळ्यांच्या कारखान्यात अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती तडक इथे आली होती. अंगाला अजून औषधांचा वास होता. शाळेतून चिठ्ठी आली म्हणजे लेकीने काहीतरी पराक्रम केला असणार, एवढं तिने धरलंच होतं. वेणीचं मात्र तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

"म्हणजे?"

"अहो, रोज केस पिंजारलेले. रिबिनी खिशात. घंटा होऊन दहा मिनिटं झाली की ही दारात उभी. मग मीच घालते दोन वेण्या. आता तिला त्याची इतकी सवय झालीय, की काल मी दुसऱ्या एका मुलीची रिबीन बांधली, तर हिने तिला कडकडून चिमटा काढला. हात काळानिळा झाला तिचा. तिच्या घरचे येऊन मला बोलून गेले."

रोज सकाळी साडेसहाला, एक डोळा घड्याळावर ठेवून, आई स्वतःच्या हाताने दोन वेण्या घालत होती. घट्ट, दुमडून वर बांधलेल्या, दिवसभर हलणार नाहीत अशा. संध्याकाळी त्या निराळ्या दिसायच्या, जरा सैल, जरा नाजूक. विचारलं तर लेक म्हणायची, खेळताना सुटल्या, मैत्रिणीने घालून दिल्या.

बाईंनी टेबलाचा खण उघडला. "कंगवासुद्धा तिनेच आणून ठेवलाय," त्या हसल्या. दोन दात तुटलेला तो पिवळा कंगवा आई पंधरा दिवस घरभर शोधत होती.

तेव्हा तिला सगळं कळलं. ही पोरगी शाळेत येऊन, कुठल्यातरी कोपऱ्यात उभी राहून आईने घातलेल्या वेण्या सोडत होती. रोज. बाईंच्या हातून घालून घ्यायला.

आधी तिला रडू आलं, मग नुसता जळफळाट झाला. उठल्यापासून झोपेपर्यंत 'आमच्या बाई' ऐकून तिचे कान किटले होते. बाईंचं अक्षर, बाईंचा आवाज, बाईंची उंच टाचांची चप्पल. जन्म आपण द्यायचा, दुखण्याखुपण्यात आपण जागायचं, आणि कौतुक कुणाचं, तर यांचं! पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते उगाच नाही. तिने बाईंच्या हातांकडे पाहिलं. खडू लागलेले साधेच हात होते. तेही तिला बघवेनात.

"असं काय करता हो तुम्ही वेणी घालताना?" तिने विचारलं.

"काही नाही. पाच मिनिटांचं काम. ती बडबडते, मी ऐकते."

त्या वेळी आपण काय बोलतो, ते आईला आठवलं. 'हलू नकोस', बस, एवढंच.

खरं सांगून टाकणं सोपं होतं. रोजचा उशीर, तो चिमटा, सगळ्याचा उलगडा एका वाक्यात झाला असता. निष्काळजी आई म्हणून लागलेला बट्टाही पुसला गेला असता. पण ते ऐकून बाईंच्या चेहऱ्यावर काय उमटेल, ते तिला आत्ताच दिसत होतं. आधी नवल, मग हळूच खुशी. लपवलीही असती त्यांनी, बाई भल्या होत्या. तेवढी खुशी मात्र आईला त्यांच्या पदरात टाकायची नव्हती. जीव गेला तरी नाही.

"वेळच होत नाही हो," ती म्हणाली. "कामावर जायची घाई असते. चुकतंच माझं."

"असू दे, मी घालत जाईन. मला काही जड नाही."

"नको!" ते जरा जोरातच निघालं. "उद्यापासून मी घालून पाठवीन."

बाईंनी मान डोलावली आणि वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं असेल, ते आईला वाचायची गरज नव्हती.

बाहेर लेक भिंतीला पाठ लावून बसली होती. आईला पाहताच ती उठली. चेहरा पांढराफटक.

"बाईंना सांगितलंस? वेण्या तू घालतेस म्हणून?"

"नाही."

"मग त्यांना काहीच कळलं नाही?"

"नाही म्हटलं ना."

लेक धावत आली आणि तिच्या पोटात डोकं खुपसून तिने कमरेला घट्ट मिठी मारली. अशी मिठी तिने कित्येक महिन्यांत मारली नव्हती. आईने तिच्या डोक्यावर हात ठेवला. मिठी आपल्याला मिळाली असली, तरी ती कुणासाठी आहे, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरीही तिने ती सोडवली नाही.