सॉल्व्हेगबाईंची माघार

मागच्या दारानं ड्वेन ऑस्टबी आत शिरला, तेव्हा पुढच्या दारानं आलेला कर्टिस मलॉय सॉल्व्हेगच्या स्वयंपाकघरात टेबलापाशी कॉफी पीत होता. दोघं दोन मोठ्या पक्षांचे उमेदवार. चार वर्षांत एका खोलीत बसलेले नव्हते. आज मात्र काम एकच होतं : सॉल्व्हेग ब्रेकनं विधानसभेच्या निवडणुकीतून माघार घ्यावी. अर्ज मागे घ्यायची मुदत पाचपर्यंत. चार वाजून गेले होते.

सॉल्व्हेग गावच्या इस्पितळातली निवृत्त सुईण. तिथल्या प्रसूतिकक्षाला कुलूप लागलं आणि पुढचं इस्पितळ नव्वद मैलांवर गेलं. मिनेसोटात हिवाळ्यात नव्वद मैल म्हणजे सगळं देवाच्या भरवशावर. गेल्या जानेवारीत तिच्या लेकीची, कारीची, प्रसूती बर्फात रुतलेल्या गाडीत झाली. आई शेजारी होती म्हणून निभावलं. प्रत्येकीची आई सुईण नसते, म्हणून सॉल्व्हेग एका तिसऱ्याच पक्षाकडून उभी राहिली. त्या पक्षाचं नाव तिच्या शेजाऱ्यांनाही धड सांगता येत नसे.

"बाई, तुम्ही माझी मतं खाताय," कर्टिस म्हणाला.

"याची कुठली? माझी खाताहेत!" ड्वेन म्हणाला.

"कक्ष कुणी बंद केला रे?" सॉल्व्हेगनं विचारलं.

दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं.

"दोघांचंही बरोबर आहे," म्हणत तिनं केकची बशी पुढे सरकवली. शेवटचा तुकडा उरला होता. शेवटचा तुकडा उचलणं इथं असभ्यपणाचं. कर्टिसनं अर्धा कापून घेतला, ड्वेननं उरलेल्यातला अर्धा. राहिलेल्या चतकोराकडे दोघंही बघेनात.

"कक्ष उघडू, असं लिहून द्या. मग बोलू."

ड्वेननं लिहिलं, एका वर्षात. कर्टिसनं मान लांब करून ते वाचलं आणि आपल्या कागदावर सहा महिने लिहिले. ड्वेननं खाडाखोड करून चार केले. कर्टिसनं पहिल्या अधिवेशनातच, असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या. ड्वेननंही मुकाट्यानं तेच लिहिलं. सह्या झाल्या.

"चला बाई, गाडीनं सोडतो निवडणूक कचेरीत," ड्वेन म्हणाला.

"मी सोडतो. माझी गाडी दारातच आहे."

सॉल्व्हेगनं दोन्ही कागद घडी करून एप्रनच्या खिशात टाकले आणि पुन्हा कॉफीचं पाणी ठेवलं. पाणी उकळलं. पाच वाजले. दोघं टोप्या उचलून, दार न आपटता, निघून गेले. इथली माणसं रागावली तरी दार आपटत नाहीत.

"आई, अगं लिहून दिलं होतं की त्यांनी!" बाळाला कडेवर घेऊन आतल्या दारात उभी असलेली कारी कळवळून म्हणाली. "तू उभी राहिल्यापासून चर्चमध्ये कुणी आपल्याशी बोलत नाही. आणि तू हरणारच आहेस."

"हरणारच आहे गं," सॉल्व्हेग म्हणाली. "पण मी उभी राहिले नसते, तर या दोघांना आपलं घर तरी सापडलं असतं का?"